अनुस्वार शब्दाचा की काचेचा

पर्समध्ये सुतळी घेऊन मी तपकीर गल्लीत आले.
सुतळीला दोन गाठी :
एक कपाटाच्या कडेची, दुसरी स्कॅनरपाशी थांबणारी.
मधे एकवीस इंच आणि वर एक बोट.

भाच्याचा निरोप बालेवाडीहून :
सत्तावीसच्या खाली घेऊ नकोस, आत्या.

मुथांच्या दुकानात भिंतभर पोपट.
अकरा पडद्यांवर एकच पोपट, एकाच वेळी उडणारा,
हिरवा मात्र प्रत्येकाचा वेगळा.
"कुठला आवडतो, काकू?" फैजानने विचारलं.
म्हटलं, पोपट माझ्याकडे छपाईला येत नाहीत.

येतात लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल,
मार्गदर्शकाने न वाचलेले प्रबंध,
रात्री साडेदहाला तेराव्याचं पत्र :
शुद्धलेखन तेवढं तुम्हीच बघा.
पेनड्राइव्ह त्याच्या हातात दिला.
हे पान लाव. पांढऱ्यावर काळं, नऊ पॉइंट.
आणि मला रफार दाखव.

"रफार?"
अरे, 'खर्च' मधला. डोक्यावरचा कोयता.
खर्च त्याला लगेच कळला.

पहिल्या पडद्यावर शुद्ध आणि शुध्द सारखंच दिसलं.
दुसरा इतका उजळ
की पान वाचतेय की ट्यूबलाइट, समजेना.
तिसरा वाकवलेला. ओळी दोन्ही टोकांनी माझ्याकडे वळलेल्या,
जणू चूक मीच केली होती.
सत्तावीसवाला छान होता. त्यावर सुतळी धरली,
अडीच इंच कमी पडली.
"इंच कर्णात मोजतात, काकू."
आठवीत काढलेला कर्ण
चाळीस वर्षांनी असा गिऱ्हाईक होऊन आला.

चोवीस बसेल.
चोवीसवर रफार दिसला, त्याखालचा च सुटा दिसला,
टिंब गोल दिसलं.
मी टिंबाकडे बघत राहिले.

घरचा सतरा इंची चौकोनी,
बंद पडलेल्या एका प्रेसमधून उचललेला.
त्यात उजवीकडे वरच्या बाजूला एक ठिपका मेलेला, काळा.
कधी कुणाच्या आडनावावर बसायचा,
कधी 'ते' वर.
गद्रेबाई शेजारी स्टुलावर बसून प्रुफं बघायच्या,
एकदा चष्मा वर करून म्हणाल्या,
"तें! अजून कुणीतरी नीट लिहितंय."
मी पान एक ओळ वर सरकवलं.
ओळ गेली, अनुस्वार तिथेच.
बाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या दोन पानांवर
एकही खूण केली नाही त्यांनी.

तेव्हापासून संशय आला की मी पान हलवते.
शब्दाचा असेल तर शब्दाबरोबर जाईल,
काचेचा असेल तर राहील.

"यात मेलेला ठिपका निघाला तर?" मी विचारलं.
"एक-दोन निघाला तर कंपनी बदलून देत नाही," फैजान म्हणाला,
"पण मी इथेच बघून देतो."
त्याने पडदा लाल केला, हिरवा केला, निळा, मग पांढरा.
दोघं नाक लावून तपासत राहिलो.
आमच्या मागे पोपट उडत होते.
काही नव्हतं. कुठेच काही नव्हतं.

माझ्या सीपीयूला निळी जुनी पिन, दोन स्क्रूवाली.
साडेतीनशेचा कन्व्हर्टर लागला.
बिलावर मुथाशेठनी माझं नाव लिहिलं, 'शैलजा निर्गुण'.
निरगुडे आहे, म्हटलं.
असू दे, वॉरंटी नंबरावर असते.

खोका स्कूटरच्या पुढ्यात, गुडघे बाहेर काढून
अप्पा बळवंत चौकातून कशीबशी घरी आले.
लावला. पान उघडलं.
'ते' वर काही नव्हतं.
तरी एक ओळ वर सरकवली.

गद्रेबाई दिवाळीपासून जिना चढत नाहीत.
प्रुफं आता छापून न्यावी लागतात त्यांच्याकडे,
कागदावर सगळं जिथल्या तिथे असतं.

जुन्याचे एक्सचेंजमध्ये तीनशे देतो म्हणालाय फैजान,
उद्या आणलात तर.
उद्या विषम तारीख.
गाडी समोरच्या बाजूला लावावी लागेल.